कोणत्या घड्याळावर पगार? एका उड्डाण-प्रशिक्षिकेचं प्रकरण

मी कणकवलीत कर सल्लागार आहे. आंबा बागायतदार, हॉटेलवाले, दोन-चार डॉक्टर आणि ट्रॉलरमालक हे माझे नेहमीचे अशील. विमानाशी माझा संबंध म्हणाल तर चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाल्यावर दोनदा मुंबईला जाऊन आलो, तेवढाच. त्यामुळे सप्टेंबर २०२३ मध्ये, गणपतीच्या सुट्टीत, देवगड तालुक्यातली एक मुलगी लॉगबुक काखेत मारून ऑफिसात आली तेव्हा आधी तिच्याकडून विमानाची बाराखडी शिकावी लागली. तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीने हे लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गावात सगळे तिला ‘कॅप्टन’ म्हणतात, इथेही तेच म्हणू.

पार्श्वभूमी

वडिलांची हापूसची नव्वदेक कलमं आणि थोडी काजूची लागवड. मुलीला पायलट व्हायचं होतं. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी आपल्याकडे किमान २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि प्रत्येक तासाला विमानाचं भाडं मोजावं लागतं. लेखी परीक्षा, मेडिकल, राहणं-जेवण धरून खर्च ४८ लाखांवर गेला. त्यातले ३२ लाख बँकेचं कर्ज, बाग तारण. व्याज ११ टक्के, मुदत १५ वर्षं, हप्ता साधारण ३६,४०० रुपये.

लायसन्स हातात आलं, नोकरी आली नाही. विमान कंपनीत को-पायलट म्हणून जायचं तर बहुधा त्या जातीच्या मोठ्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग, पदरमोड करून घ्यावं लागतं. ते आणखी लाखांत. तेवढी ऐपत घरात उरली नव्हती. मग तिने घाटावरच्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये सहायक उड्डाण-प्रशिक्षकाचं रेटिंग केलं आणि ऑक्टोबर २०२२ पासून तिथेच शिकवायला लागली.

नेमणुकीचं पत्र दीड पानाचं होतं. पद ‘कन्सल्टंट इन्स्ट्रक्टर’. मोबदला उड्डाणाच्या तासाला १,००० रुपये. ठरावीक पगार नाही. दोन वर्षांचा बॉण्ड, आधी सोडल्यास ३ लाख भरायचे, आणि त्यासाठी सही केलेले तीन कोरे चेक शाळेकडे. महिन्याला सत्तर तास सहज होतील, असं तोंडी सांगितलं होतं. पत्रात तसं काही नव्हतं.

समस्या

ती माझ्याकडे आली होती दुसऱ्याच कामासाठी. तिचा प्रश्न साधा होता: “काका, माझे दहा टक्के कापतात ते परत मिळतात का?”

फॉर्म २६एएस, म्हणजे तिच्या नावावर कापलेल्या कराचा उतारा, काढला. कपात कलम १९४जे खाली, व्यावसायिक फी म्हणून. पगाराची असती तर ती कलम १९२ खाली झाली असती. शाळेच्या वहीत ती नोकर नव्हतीच, बाहेरून येणारी तज्ज्ञ होती, माझ्यासारखी. फरक इतकाच की मी ऑफिस कधी उघडायचं ते मी ठरवतो, आणि ती पहाटे पाच चाळीसला हजर नसेल तर तिचं नाव फळ्यावरून पुसलं जायचं.

मार्चअखेरीच्या सहा महिन्यांचे ३,६६,००० रुपये, त्यावर ३६,६०० कापलेले. रिबेटमुळे कर शून्य. विवरणपत्र मात्र भरलेलंच नव्हतं आणि ३१ जुलै उलटून गेली होती. ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं भरता येतं, तिच्या उत्पन्नाला विलंब शुल्क हजार रुपये. ते लगेच भरून टाकलं. या प्रकरणातला हा एकमेव सरळ भाग.

मग तिच्याकडून महिन्यावारी तास मागवले. ऑक्टोबर ४८, नोव्हेंबर ६१, डिसेंबर ६६, जानेवारी ५८, फेब्रुवारी ६९, मार्च ६४, एप्रिल ५७, मे ४९. आणि मग जून १४, जुलै ६, ऑगस्ट ९. अकरा महिन्यांत ५०१ तास, म्हणजे ५,०१,००० रुपये. सरासरी महिन्याला साडेपंचेचाळीस हजार, कपात जाऊन सुमारे ४१ हजार. बँकेचा हप्ता ३६,४००. खोलीभाडं आणि जेवणासाठी उरतात साडेचार हजार. जुलैत सहा हजार मिळाले तेव्हा हप्ता वडिलांनी आंब्याच्या पैशांतून भरला. पडवीत बसून हे आकडे वाचले तेव्हा ते एवढंच म्हणाले, “कलमांक पण पाऊस लागता, पण कलमां हप्तो मागनत नाय.”

इथवर मला वाटत होतं की प्रश्न दराचा आहे. हजाराचे बाराशे करून घ्यायचे, झालं. पण तिने लॉगबुक उघडलं आणि चित्र बदललं. त्याच अकरा महिन्यांत लॉगबुकात प्रशिक्षक म्हणून तास होते ६०४. पैसे मिळाले ५०१ तासांचे. १०३ तास गेले कुठे?

विमान पार्किंगमधून हललं की लॉगबुकाचा वेळ सुरू होतो आणि परत येऊन थांबलं की संपतो. ‘चॉक टू चॉक’ म्हणतात त्याला, चॉक म्हणजे चाकांना लावायची पाचर. आपल्या नियमांतही उड्डाणाचा वेळ असाच मोजतात. शाळा विद्यार्थ्याच्या खात्यातून तास वजा करते तेही याच हिशेबाने. प्रशिक्षकाला मात्र चाकं जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंतचे पैसे. एका सॉर्टीमागे, म्हणजे उड्डाणाच्या एका फेरीमागे, फरक साधारण ११ मिनिटांचा. ५६८ सॉर्टींचे झाले १०३ तास. दुकानदार माल घेताना एक माप आणि देताना दुसरं वापरतो, त्यातलाच हा प्रकार.

त्याहून मोठी गोष्ट तिच्या खिशातल्या वहीत होती. फेब्रुवारीत तिने काही दिवसांची टिपणं ठेवली होती. एका दिवसाचं पान जवळजवळ जसंच्या तसं देतो:

“५.४० हजर. ६.०० ब्रीफिंग. ६.४० पहिली सॉर्टी, सर्किट, ५५ मि. ८.०० दुसरा विद्यार्थी, रन-अपला डावा मॅग्नेटो चालेना, ड्रॉप २०० च्या वर. परत. ९ ते ११ दुसरं विमान मिळेल म्हणून बसले. ११.१० सॉर्टी, ५० मि. १ ते ४ वारा, फ्लाइंग बंद. ग्राउंड क्लास घेतला. ५.०० सॉर्टी, ५० मि. ६.३० डीब्रीफ, फॉर्म. ७.०० सुटले.”

तेरा तासांहून जास्त वेळ मैदानावर, पैसे दोन तास पस्तीस मिनिटांचे. त्यात ८ वाजताची ओळ नीट पाहा. सेसना १५२ या छोट्या शिकाऊ विमानाच्या इंजिनात ठिणगीसाठी दोन मॅग्नेटो असतात. उड्डाणाआधी इंजिन मिनिटाला १७०० फेऱ्यांवर नेऊन दोन्ही आळीपाळीने तपासतात. एकावर चालवताना फेऱ्या १२५ पेक्षा जास्त पडल्या तर विमान न्यायचं नाही. तिने नेलं नाही. विद्यार्थ्याला दाखवून, समजावून परत आणलं. माझ्या मते त्या दिवसातला सगळ्यात मोलाचा धडा तोच, आणि त्याचे पैसे शून्य, कारण चाकं जमिनीवरून सुटलीच नाहीत. जो प्रशिक्षक ‘आज नको’ म्हणेल त्याची चूल पेटणार नाही, अशी ही पद्धत. तिने कधी दुखऱ्या, बंद कानाने उड्डाण केलं का, असं मी विचारलं. तिने उत्तर दिलं नाही, वहीचं पान उलटलं.

समोरचे पर्याय

गणपतीचे पाच दिवस घरात हीच चर्चा. आईचं मत, सोडून दे आणि चिपीला ग्राउंड स्टाफमध्ये लाग. घराजवळ राहशील. पण पायलटचं मेडिकल आणि रेटिंग ठरावीक मुदतीत नूतनीकरण करावं लागतं आणि हाताची सवय सुटते. ते ती ऐकायलाही तयार नव्हती.

दुसरा पर्याय, आणखी कर्ज काढून टाइप रेटिंग. तो मी मोडून काढला. मे २०२३ मध्ये गो फर्स्टची विमानं जमिनीवर बसली होती, आणि त्या कंपनीतले एअरबसचे अनुभवी को-पायलट नोकरी शोधत बाजारात आले होते. त्यांच्यासमोर नवख्या मुलीने रांगेत उभं राहण्यासाठी उरलेली कलमं तारण ठेवायची, हे मला पटेना.

तिसरा, दुसरी शाळा. आडवा येत होता बॉण्ड. कागदावर तो मला फारसा भयंकर वाटला नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, न्यायालय त्यात वाजवी तेवढीच भरपाई देतं. भीती होती चेकची. कोरा चेक भरून बँकेत टाकला आणि न वटता परत आला, तर चेकबाबतच्या कायद्याच्या कलम १३८ चा फौजदारी खटला. घाटावरच्या कोर्टात तारखांना जायचं, आणि नावावर खटला असताना विमान कंपनीत अर्ज करायचा. नियमात बसेल की नाही हा वेगळा प्रश्न, झोप तर उडणारच.

चौथा, कामगार आयुक्तांकडे तक्रार. इथे मी बराच वेळ घालवला. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘कामगार’ या व्याख्येत बसलं तरच दाद मागता येत होती. शिक्षक त्या व्याख्येत बसत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सुंदरम्बल प्रकरणात ठरवलं. ते प्रकरण आपल्या शेजारच्या गोव्यातल्याच एका शिक्षिकेचं. मग उड्डाण-प्रशिक्षक कोण? यंत्र चालवणारा कुशल कामगार की शिक्षक? तो दोन्ही आहे, आणि शाळेचा वकील त्याला शिक्षकच म्हणणार. शिवाय पत्रात ‘कन्सल्टंट’. प्रश्न मनोरंजक आहे, पण आपल्या खर्चाने त्याचा निकाल लावून घेण्याइतके पैसे या घरात नव्हते.

पाचवा, तिथेच राहून अटी बदलून घेणं.

शाळेचं नेहमीचं उत्तर आम्हाला आधीच ठाऊक होतं: “तुम्हाला तास फुकट मिळतात, ते काय कमी आहे?” हे उत्तर अमेरिकेतून उसनं आणलेलं आहे. तिथे २०१३ पासून विमान कंपनीत को-पायलट व्हायलाही साधारण १,५०० तास लागतात, म्हणून मुलं तास जमवायला प्रशिक्षक होतात. आपल्याकडे १,५०० तास लागतात ते एटीपीएल या वरच्या लायसन्ससाठी, म्हणजे पुढे कमांडर होताना. को-पायलटच्या खुर्चीची अडचण तासांची नाही, टाइप रेटिंगच्या पैशांची आहे. फुकट मिळालेल्या तासांनी तो दरवाजा उघडत नाही.

काय केलं, आणि पहिली चूक

पाचवा पर्याय ठरला आणि मी त्याची वाट लावली. २७ सप्टेंबरला तिच्या नावाने एक ईमेल लिहून दिली: १०३ तासांच्या तफावतीचे १,०३,००० रुपये पंधरा दिवसांत द्यावेत, अन्यथा योग्य ती कारवाई. आयकर खात्याला उत्तरं लिहून लिहून माझा हात तसा झालाय. शाळेच्या व्यवस्थापकांनी ती ईमेल नोटीस म्हणूनच वाचली. उत्तर आलं नाही. ऑक्टोबरचा रोस्टर, म्हणजे कोणी कधी उडायचं याचा तक्ता, आला. आधीच्या ऑक्टोबरात ४८ तास झाले होते, या ऑक्टोबरात ३१. कुणी काही बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती. ठरावीक पगार नसलेल्या माणसाला गप्प करायला फळ्यावरची दोन नावं इकडची तिकडे केली की पुरतं.

दिवाळीत ती घरी आली तेव्हा तिचे चुलते बसले होते. त्यांचा ट्रॉलर आहे. सगळी कथा ऐकून त्यांनी विचारलं, “पावसाचा काय ठरलेला?” १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. खलाशी गावी जातात, काही तर थेट नेपाळला. पण मालक त्यांना आगाऊ रक्कम देऊन ठेवतो. मायेपोटी नव्हे. ऑगस्टमध्ये समुद्र उघडला आणि खलाशी दुसऱ्याच्या होडीवर चढला, तर मालकाची होडी धक्क्यालाच राहते. “बंदीत होडी बंद, पण खलाशाचां पोट बंद नसता,” ते म्हणाले. “ह्यां मालकाक समजता, तुझ्या सायबाक समजूक होया.”

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही मागची थकबाकी मागत होतो. मागायला हवं होतं ते हे की पावसाचा भार कोणी किती उचलायचा, आणि तेही शाळेचं नुकसान शाळेला दाखवून. त्याच शाळेतले विमानाचे मेकॅनिक महिन्याच्या पगारावर होते. पावसाळ्यात विमानं आतून उघडून मोठी कामं काढतात, तेव्हा ते लागतात. म्हणजे पावसाचा पगार शाळेला माहीत होता, प्रशिक्षकांपुरता विसरला होता.

कॅप्टनने या वेळी ईमेल केली नाही. ती मुख्य प्रशिक्षकांना भेटली. हवाई दलातून निवृत्त झालेले, तुसडे पण सरळ. ती त्यांना वही घेऊन चहाच्या टपरीवर भेटली, ऑफिसात नाही. त्यांनी मॅग्नेटोची ओळ वाचली, चश्मा काढला आणि विचारलं, “असे किती?” वहीत अकरा होते. सहा महिन्यांत सातपैकी तीन प्रशिक्षक सोडून गेले होते, विद्यार्थ्यांचे तास अडले होते आणि पालक फोन करून करून त्यांचंच डोकं खात होते. “पैशाचं माझ्या हातात नाही. पण तास कसे मोजायचे, हे मी सांगू शकतो,” ते म्हणाले.

मग चौघा प्रशिक्षकांनी मिळून एका पानाचा अर्ज केला. मागच्या पैशांचा उल्लेख नाही, कायद्याचं कलम नाही. मागण्या चार: पगार चॉक टू चॉक. जमिनीवरून परत आणलेल्या सॉर्टीचे किमान अर्ध्या तासाचे पैसे. जून ते सप्टेंबर किमान हमी, त्या बदल्यात ग्राउंड क्लास. आणि भविष्य निर्वाह निधीसह नियमित नोकरी. शेवटची मागणी मिळणार नाही हे मला माहीत होतं, घासाघीस करायला काहीतरी ठेवावं लागतं. कॅप्टनला ते आवडलं नव्हतं. तिला ती खरंच हवी होती.

निष्पत्ती

डिसेंबरच्या मध्यावर बैठक झाली. व्यवस्थापकांनी इंधन, विमा, हँगरचं भाडं सगळं मांडलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. १ जानेवारी २०२४ पासून पहिल्या तीन गोष्टी मान्य झाल्या. पावसाळ्याची हमी महिना १५,००० रुपयांची, किंवा तासांचे जास्त झाले तर ते. नियमित नोकरी नाकारली. दर दोन वर्षं वाढणार नाही, अशी अट घातली. बॉण्ड आणि चेक जसेच्या तसे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये हवेतले तास ६६ झाले, आधीच्या फेब्रुवारीपेक्षा तीन कमी. पैसे मिळाले ८० तासांचे. जुलैत सहा हजारांच्या जागी पंधरा. हप्ता तरी त्यातून निघत नाहीच, वडिलांना निम्म्याहून जास्त, सुमारे एकवीस हजार चारशे घालावेच लागले. आधीच्या वर्षी तीस घातले होते. जमिनीवरून परत आणलेल्या सॉर्टी त्या वर्षी १९ झाल्या. विमानं जास्त बिघडली की प्रशिक्षकांचा हात मोकळा झाला, हे मला सांगता येणार नाही. मुख्य प्रशिक्षक म्हणे हसून म्हणाले, “दोन्ही.”

एक गोष्ट मात्र खटकते. एप्रिलमध्ये दोन नवे सहायक प्रशिक्षक आले, त्यांचा दर तासाला ८५०. शाळेने एका खिशातून दिलेलं दुसऱ्यातून काढलं. चौघांच्या अर्जात ‘पुढे येणाऱ्यांनाही हेच’ अशी ओळ घालायचं कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, ती ईमेल. त्या ईमेलने ऑक्टोबरातले निदान पंधरा तास घालवले, आणि ते कॅप्टनचे गेले, माझे नाहीत. चूक मजकुरापेक्षा क्रमाची होती: एकटीने, लेखी, मागच्या पैशांसाठी. तिघांशी आधी बोलली असती तर रोस्टर कापायला चौघांचा कापावा लागला असता, आणि मग शाळेत उडवणार कोण?

दुसरं, चेक. रेटिंग सुरू करताना ते दिले तेव्हाच प्रत्येकावर रक्कम आणि ‘बॉण्डपोटी’ असं लिहून, त्याची पोच घेता आली असती. तेव्हा शाळेलाही प्रशिक्षकांची गरज होती. नंतर तो विषय काढायची वेळ कधीच चांगली नव्हती.

वही ठेवायला मात्र तिने फेब्रुवारीची वाट पाहायला नको होती. लॉगबुक आणि बँकेचं पासबुक दोन्ही तिच्याकडेच होतं, पण दोन्ही शेजारी ठेवून पाहायला अकरा महिने आणि गणपती लागले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बॉण्ड संपला. तीनपैकी दोन चेक परत मिळाले, तिसरा ‘सापडत नाही’. त्याचं पेमेंट थांबवण्याचं पत्र तिने बँकेत देऊन पोच घेतली. पुढच्या महिन्यात दुसऱ्या राज्यातल्या एका शाळेचं नेमणूकपत्र आलं, महिन्याचा पगार आणि वर तासाचे पैसे. सही करण्याआधी तिने त्याचा फोटो मला पाठवला, एका ओळीभोवती लाल गोल काढून. खाली लिहिलं होतं: “काका, ‘फ्लाइट टाइम’ लिहिलंय, पण कुठून कुठपर्यंत ते नाही. विचारू ना?”

मी लिहिलं, “आधी विचार. आणि उत्तर लेखी घे.”